थेरपीत माइंडफुलनेस आणि योग आणायचाय, सुरुवात कुठून करू?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी लिहायला घेतलं, थोडं लांबेल.

मी सायकोथेरपिस्ट आहे, नऊ वर्षं झाली. मुख्यतः सीबीटी करते, म्हणजे विचार, भावना आणि वागणं यांची साखळी उलगडायची, विचार कागदावर उतरवायचा, त्याच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे ते तपासायचं. या पद्धतीने माणसं बरी होताना मी बघितली आहेत त्यामुळे तिच्यावरचा विश्वास कमी झालेला नाही. पण गेल्या दोनेक वर्षांत काही क्लायंट असे येतायत की त्यांना सगळं कळतं, वहीतले रकाने माझ्यापेक्षा सुंदर भरून आणतात, आणि वही मिटून म्हणतात, "मॅडम, डोक्याला पटलंय, पण छातीवरचं ओझं तिथंच आहे." हे बोलताना त्यांचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, श्वास गळ्याच्या खाली उतरत नसतो, आणि मी मात्र पुढचा विचार तपासायला घेते. मला ते दिसतं पण त्याचं काय करायचं ते मला शिकवलेलंच नाही.

दुसरीकडे मी स्वतः सहा वर्षं नियमित योगासनं करते, दीड वर्षापासून रोज वीस-पंचवीस मिनिटं शांत बसते, माइंडफुलनेस करते, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे बरं-वाईट न ठरवता लक्ष देते. माझ्यात फरक पडलाय, घरचेही म्हणतात. साहजिकच वाटतं की हे क्लायंटपर्यंत पोचवावं. पण भीतीही वाटते. मला उपयोगी पडलं म्हणून दुसऱ्याला द्यायचं का? सेशनच्या मधेच श्वासाचा व्यायाम घेतला तर ती थेरपी राहते की क्लास होतो? एखादा कोर्स केला की पुरतं का, आणि कोणाला हे मुळीच देऊ नये? ज्यांनी हा रस्ता चाललाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, नुसतं "छान कल्पना आहे" असं नको.

जुनीवाट

निळीशाई ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझीच बारा-तेरा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली, म्हणून मी आधी माझी चूक सांगते आणि मग बाकीचं.

मी एक दोन दिवसांचं वर्कशॉप करून आले आणि सोमवारपासून जो येईल त्याला बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष न्यायचा सराव, द्यायला लागले. एक बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), लहानपणी घरात त्यांच्यावर बरंच काही गुदरलेलं. त्यांना मी म्हटलं डोळे मिटा, लक्ष श्वासावर आणा. दोन मिनिटंही झाली नसतील, त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली, पेरं पांढरी पडली, छाती हलायची थांबली. मला दिसत होतं हो. तरी मी हळू आवाजात म्हणत राहिले, "असू द्या, फक्त श्वासाकडे बघा." मला वाटत होतं त्या खोल जातायत. डोळे उघडले तेव्हा त्यांना काही क्षण आपण कुठे आहोत तेच कळेना. मग मी पडद्याचा रंग विचारला, पाय जमिनीवर दाबायला सांगितले, खोलीत काय काय दिसतंय ते मोठ्याने म्हणायला लावलं, तेव्हा कुठे त्या परत आल्या. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मिटले, मला नको होते मिटायला."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. ज्या माणसाला आयुष्यभर "नको" म्हणायची मुभा मिळाली नाही त्याला मी शांत आवाजात आणखी एक हुकूम दिला होता. आणि श्वास म्हणजे सगळ्यांसाठी सुरक्षित जागा, हे मी गृहीत धरलं होतं. कित्येकांसाठी भीतीचं घरच छातीत आणि गळ्यात असतं, तिथे लक्ष न्यायचं म्हणजे त्यांना एकटं त्या घरात पाठवायचं. अशांना आधी बाहेर काहीतरी लागतं, आवाज, तळवे, खुर्चीची पाठ.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. थेरपी, माइंडफुलनेस आणि योग या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि आपण त्या जोडायच्या आहेत असं वाटतं, पण जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल सेंटरमध्ये जो कार्यक्रम सुरू केला, ज्याला आपण आज एमबीएसआर म्हणतो (माइंडफुलनेसवर आधारित ताण कमी करण्याचा कार्यक्रम), त्यात सौम्य हठयोग पहिल्यापासून आहे. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा साधारण अडीच तास, मधे एक पूर्ण दिवस मौनाचा, आणि घरी रोज पाऊण तास सराव. पहिल्याच दिवशी मनुका हातात देतात आणि ती आयुष्यात पहिल्यांदा बघतोय अशी बघायला लावतात, सुरकुत्या, वास, दाताखाली फुटते तो क्षण. पण लक्षात घ्या, ती मानसोपचार म्हणून काढलेली गोष्ट नव्हती. जुनाट दुखण्याचे पेशंट, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं, त्यांना दुखण्यासोबत कसं राहायचं ते शिकवायला ती होती.

थेरपीत ती आली ती झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांमुळे, आणि त्यांचा प्रवास तुम्ही मुद्दाम समजून घ्या कारण ते तिघे तुमच्यासारखेच सीबीटीवाले होते. डिप्रेशन उलटून येऊ नये म्हणून काहीतरी बसवायचं होतं. सुरुवातीला त्यांनी सजगतेचं तंत्र उचललं आणि आपल्या नेहमीच्या थेरपिस्टच्या भूमिकेतून शिकवलं, म्हणजे कोणी अडचण सांगितली की उत्तर द्यायचं, दुरुस्त करायचं. ते पुरेसं लागू पडेना. मग मॅसॅच्युसेट्सला जाऊन बघितलं तर तिथले शिक्षक अडचणीला हातच घालत नव्हते, ती तशीच असू देत होते, आणि हे त्यांना जमत होतं कारण ते स्वतः रोज बसत होते. तेव्हा या तिघांनी स्वतः सराव सुरू केला. त्यातून एमबीसीटी, म्हणजे माइंडफुलनेसवर आधारलेली कॉग्निटिव्ह थेरपी, उभी राहिली. २००० साली त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, १४५ लोक होते, ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात साध्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना वर्षभरात ते परत आलं, एमबीसीटीसह ३७ टक्के. दोनदाच आलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणजे तेव्हाही ते सगळ्यांसाठीचं औषध नव्हतं.

तुम्हाला बदलायला लागेल ती गोष्ट वरवर छोटी आहे. सीबीटीत आपण विचारतो की हा विचार खरा आहे का. इथे आपण म्हणतो की हा एक विचार आहे, आला, अंगात कुठे उमटला बघूया. तुमच्या त्या वही सुंदर भरणाऱ्या क्लायंटला पुरावा आणखी नकोय, तो त्याच्याकडे आहे. त्याला छातीवरच्या ओझ्यासोबत कोणीतरी अर्धा मिनिट थांबायला हवंय, आणि तुम्ही घाईने पुढच्या रकान्याकडे गेलात की त्यालाही कळतं की तुम्हाला ते सोसत नाहीये.

कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शिकवायचा कोर्स नंतर. आधी आठ आठवड्यांच्या ग्रुपमध्ये साधं सहभागी म्हणून बसा, गृहपाठ करा, कंटाळा, चिडचिड, पाय मुंग्या येणं सगळं अनुभवा. मग शिकवण्याचं प्रशिक्षण, आणि मग सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम अनुभवी थेरपिस्टकडून तपासून घेणं, तेही अशा माणसाकडे ज्याला दोन्ही बाजू येतात. मला या सगळ्याला चार वर्षं लागली आणि एक दिवसही वाया गेला असं वाटत नाही.

स्थिरसुख

मी योगशिक्षक आहे, थेरपिस्ट नाही, त्यामुळे माझ्या बाजूचं तेवढंच लिहितो. दोन थेरपिस्टांबरोबर काम करतो, ते माणसं पाठवतात, मी माझ्या पद्धतीने घेतो.

पतंजलींनी आसनाबद्दल मोजून तीन-चार सूत्रं लिहिली आहेत आणि त्यातलं पहिलं "स्थिरसुखमासनम्". स्थिर आणि सुखाचं. थेरपीत योग आणायचा असेल तर यातलं सुख पहिलं बघा असं मी म्हणेन. डोक्यावर उभं राहायची काही गरज नाही, खुर्चीत बसून हात वर नेणं आणि खाली आणणं, उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणं, भिंतीला पाठ टेकून उभं राहणं, एवढं पुष्कळ झालं. फरक पडतो तो तुम्ही बोलता कसं त्याने. वर्गात आम्ही म्हणतो "गुडघा सरळ, हनुवटी आत, धरा". इथे म्हणायचं, "वाटलं तर हात वर नेऊन बघा, किंवा इथेच राहू दे, कुठे ताण जाणवतो का बघा." डोळे उघडे ठेवले तरी चालेल हे आधीच सांगायचं. हात लावून दुरुस्त करायचं नाही, अजिबात नाही, विचारूनसुद्धा नाही असं माझं मत झालंय, कारण अशी माणसं नाही म्हणायच्या जागी हो म्हणून टाकतात. जुनीवाट ताईंनी सांगितलं तेच.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. बेसेल वॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अभ्यास छापला, उपचार घेऊनही पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) न हटलेल्या ६४ स्त्रिया, दहा आठवडे, एका गटाला असा निवडीचा योग आणि दुसऱ्याला आरोग्याविषयीची माहितीसत्रं. शेवटी योगवाल्यांपैकी ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषात बसेनात, दुसऱ्या गटात २१ टक्के. अभ्यास लहान आहे, फार फुगवून सांगू नये, पण दिशा कळते. आणि योगाला प्रयोगशाळेत तपासायचं हे काही आजचं नाही, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगमीमांसा त्रैमासिकात मोजमापं छापायला लागले, तेव्हापासून चालू आहे.

श्वासाबद्दल एक कळकळीची विनंती. पॅनिक येणाऱ्याला कपालभाती, भस्त्रिका देऊ नका. जोरजोरात श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हातपाय झिणझिणतात, डोकं हलकं होतं, आणि ज्याला याच लक्षणांची धास्ती आहे त्याला वाटतं अटॅकच आला. त्यापेक्षा उच्छ्वास लांबवा. बाहेर सोडताना हृदयाचा ठोका आपोआप थोडा मंदावतो, ते शरीराचं गणितच आहे. मी चारपर्यंत मोजून आत आणि सहापर्यंत मोजून बाहेर असं घेतो, आणि मोजणं जाचक वाटलं तर मोजणं सोडून देतो, मंद गुणगुणायला सांगतो, भ्रामरीसारखं पण कान न दाबता. गुणगुणताना उच्छ्वास आपसूक लांबतो आणि माणसाला आपण काही "करतोय" असंही वाटत नाही.

अजून एक, तुमच्या थेरपीच्या क्लायंटला स्वतःच्या योगवर्गात घेऊ नका. चटईवर तो दहा जणांत तुम्हाला बघेल, तुम्ही त्याला बघाल, आणि खोलीत तुमच्यात जे सांगितलेलं आहे ते त्या दहा जणांत घेऊन तो उभा असेल. एकाने एकच भूमिका घ्यावी.

रात्रपाळी

मानसोपचारतज्ज्ञ आहे, वेळ कमी आहे म्हणून मुद्द्यावर येतो.

कोणाला देऊ नये असं विचारलंत. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) चालू असताना, मेनिया (मूड आणि उत्साह बेसुमार वर जाणं) चढत असताना, आत्महत्येचे विचार ताजे आणि तीव्र असताना लांबलचक ध्यान नको. बायपोलर असेल तर झोप मोडणारी कुठलीही साधना नको, पहाटे तीनला उठून बसणं वगैरे, झोप मोडली की मूड वर जाऊ शकतो हे आम्ही वारंवार बघतो. ज्यांना आपण शरीराबाहेर गेल्यासारखं, सगळं धुक्यात असल्यासारखं वाटतं त्यांना डोळे मिटून आत बघायला लावलं तर धुकं वाढू शकतं. कित्येक दिवसांच्या मौन शिबिरांतून आल्यावर बिघडलेली माणसं मी तपासली आहेत, थोडी आहेत पण आहेत, आणि त्यांना सगळ्यात जास्त त्रास याचा झालेला असतो की "तुमचंच काहीतरी चुकलं असेल" असं त्यांना सांगितलं जातं. कृपया हे वाक्य कोणाला म्हणू नका.

दुसरं, औषधं. माइंडफुलनेस सुरू केलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करणारे पेशंट दर महिन्याला येतात. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत ४२४ लोक होते, अर्धे डिप्रेशनची गोळी चालू ठेवणारे आणि अर्धे एमबीसीटी घेऊन गोळी हळूहळू कमी करणारे. दोन वर्षांत डिप्रेशन परतण्याचं प्रमाण ४७ आणि ४४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. ज्यांना गोळी नको त्यांच्यासाठी हा खरा पर्याय आहे असं मी मानतो, पण त्यात गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत कमी केली होती हे लोक वाचतच नाहीत. चिंतेच्या आजारांबाबतही २०२२ मध्ये २७६ लोकांच्या चाचणीत आठ आठवड्यांचं एमबीएसआर एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीच्या तुलनेत कमी पडलं नाही. म्हणून मी याच्या विरोधात नाही, उलट पाठवतो. फक्त नोंदीत लिहा की काय दिलं, का दिलं, संमती कशी घेतली आणि नंतर काय झालं. औषधाचा डोस लिहितो तसंच.

पाचवीखुर्ची

मी थेरपिस्ट नाही, क्लायंट होते, साडेतीन वर्षं. लिहू की नको असं झालं होतं पण दुसऱ्या बाजूने कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या आधीच्या थेरपिस्टना (नाव अर्थातच नाही) माइंडफुलनेसची फार आवड होती. मी भावाबद्दल बोलायला लागले, आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग येत होता, खरा राग, आणि त्या म्हणाल्या, "एक क्षण थांबूया, एक दीर्घ श्वास घ्या." मी घेतला. राग गेला. आणि त्यानंतर चार महिने तो परत आलाच नाही, मी शहाण्यासारखी बसायचे, श्वास घ्यायचे, बरं वाटतंय म्हणायचे आणि घरी जाऊन रात्रभर जागी राहायचे. मला चिडायचं होतं आणि मला शांत करण्यात आलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला आज कळतं, पण तेव्हा मला एवढंच कळलं की इथेही माझा राग कोणाला नकोय.

दुसऱ्या थेरपिस्टकडे गेले तेव्हा तोच विषय निघाला आणि माझा आवाज परत चढला. त्यांनी विचारलं, "हे सांगताना हातांना काय करावंसं वाटतंय?" मी बघितलं तर मुठी वळलेल्या. त्या म्हणाल्या, असू देत, हवं तर अजून घट्ट वळा, हवं तर या उशीला ढकला, मी इथे आहे. मी ढकललं. खूप रडले. श्वास नंतर आपोआप खाली आला, कोणी सांगावं लागलं नाही. तंत्र म्हणाल तर दोघींचंही अंगाकडे लक्ष देण्याचंच होतं ना, पण एकीने ते वापरून माझी भावना बंद केली आणि दुसरीने तिला जागा दिली. म्हणून निळीशाई, तुम्ही जेव्हा कधी "श्वास घ्या" म्हणाल तेव्हा तो श्वास त्यांना हवाय की तुम्हाला, एवढं आधी बघाल का?

निळीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचले. पाचवीखुर्ची, तुमचा तर मी सुपरव्हिजनला घेऊन जाणार आहे, तुमची परवानगी असेल तर. कारण खरं सांगते, मागच्याच आठवड्यात एक क्लायंट रडायला लागला आणि मी त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं सावकाश श्वास घेऊया. तो लगेच सावरला आणि मला हायसं वाटलं. मला वाटलं. आता विचार करतेय की त्याला काय वाटलं असेल.

ठरवलंय ते असं की आठ आठवड्यांच्या ग्रुपला सहभागी म्हणून नाव देतेय, शिकवायचं सध्या डोक्यातून काढलं. आसनं मी खोलीत आणणार नाही, स्थिरसुख यांच्यासारखं कोणी सापडलं तर पाठवेन. आत्ताच्या क्लायंटबरोबर फक्त एक बदल, रकाना भरून झाला की लगेच पुढे जायचं नाही, "हे लिहिताना अंगात कुठे काही जाणवतंय का, नसेल तरी चालेल" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. जुनीवाट ताई, एकच विचारायचं राहिलं, विचारल्यावर समोरचा म्हणाला "काहीच जाणवत नाही" तर?

जुनीवाट

तर "काहीच नाही" हे उत्तर तसंच घ्या, खोदू नका. बऱ्याच जणांना मानेच्या खाली काही जाणवू न देणं हेच कधीकाळी उपयोगी पडलेलं असतं, त्याला तोडायला जायचं नाही. मी तेव्हा विचारते, पाय जमिनीला टेकलेत ते कळतंय का? बहुतेक जण खाली बघतात, पाय थोडा हलवतात आणि म्हणतात, हो, उजवा जास्त टेकलाय. त्या दिवसापुरतं तेवढंच. माझ्या त्या बाईंबरोबर (हो, त्या परत आल्या, तीन वर्षं येत राहिल्या) आम्ही जवळजवळ पाच महिने फक्त पायांवरच होतो. सहाव्या महिन्यात एक दिवस त्या स्वतःहून म्हणाल्या, आज डोळे मिटून बघू का, तुम्ही मात्र उघडे ठेवा.

पाचवीखुर्ची

परवानगी आहे. जरूर न्या.